बिस्किटांच्या डब्यातली पेनी-शिलिंगं: संग्रह नेमका कशाचा करायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कोव्हेंट्रीला नवे आहात. रविवारच्या कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायच्या बाजारात) वीस पौंडांना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेतलात आणि त्यात १९३७ ते १९६७ या काळातली तीनेकशे ब्रिटिश नाणी निघाली. आता तुम्हाला विचारायचंय की यात किमती काही असेल का, चांदी किती असेल, काळ्या पडलेल्या पेन्या कशानं घासायच्या, आणि ‘प्रत्येक प्रकारचं, प्रत्येक वर्षाचं एक’ असा संग्रह पुरा करायला किती खर्च येईल. नऊ वर्षांची लेकही तुमच्याबरोबर डब्यात हात घालून बसते, असंही लिहिलंय.

सगळ्यात तातडीचं आधी सांगते. घासू नका. एकही नाणं, कशानंही. चिंच भिजत घातली असेल तर तिची आमटी करा.

मी १९९४ मध्ये लेस्टरला आले. फ्लोरिन नावाचं जुनं दोन शिलिंगांचं नाणं दहा पेन्सचं म्हणून १९९३ च्या जूनपर्यंत इथे दुकानात चालत होतं, ते माझ्या थोडंसं आधी बंद झालं. शेजारच्या आजीबाईंकडे जॅमच्या बरणीत असे फ्लोरिन उरले होते. “बँकेत न्यायचे राहूनच गेले गं,” म्हणत त्यांनी बरणी माझ्या हातात ठेवली आणि मी अडकले ती आजतागायत. दिवसा औषधांच्या दुकानात नोकरी, आणि महिन्यातला एखादा रविवार नाण्यांच्या बाजारात टेबल लावून, असं बरीच वर्षं चाललंय. त्यामुळे खाली लिहिते ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघून लिहिते. विकणाऱ्याचा स्वार्थ कुठे असतो ते मला ठाऊक आहे, कारण तो माझाही असतो.

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण खरी अडचण पाचव्या प्रश्नाची आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नाही: संग्रह कशाचा करायचा? ‘प्रत्येक वर्षाचं एक’ हे उत्तर सगळ्यांनाच पहिल्यांदा सुचतं. मलाही सुचलं होतं. या काळातल्या नाण्यांपुरतं ते उत्तर फसवं आहे. का ते सांगते, पण त्याआधी डबा उपडा करून घेऊ.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. पहिली फेरी ‘घरचे’ आणि ‘पाहुणे’ वेगळे करायची. इथल्या जुन्या डब्यांत आयर्लंडची नाणी हमखास असतात, कारण आकार आणि वजन तेच होतं आणि ती इंग्लंडातल्या सुट्ट्या पैशांत सहज मिसळून जायची. पेनीवर कोंबडी आणि पिल्लं, हाफपेनीवर डुकरीण, फ्लोरिनवर सामन मासा दिसला की ते आयरिश. कांगारू असलेली पेनी ऑस्ट्रेलियाची. ती लगेच बाजूला टाकू नका, वर्ष बघा. १९४२ किंवा १९४३ असेल, तर राजाच्या मानेखाली भिंगानं इंग्रजी ‘आय’ अक्षर शोधा. ते सापडलं तर ती पेनी मुंबईच्या टांकसाळीत पडलेली आहे. युद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियाच्या टांकसाळींना काम पुरेना, म्हणून मुंबईनं त्यांच्या पेन्या आणि हाफपेन्या पाडून दिल्या. फार महाग नाही ती, पण लेकीला दाखवायला यापेक्षा चांगलं नाणं नाही: राजा लंडनचा, कांगारू ऑस्ट्रेलियाचा आणि ठसा आपल्या फोर्टातला.

दुसरी फेरी चांदीची. इथे तुम्हाला ना तराजू लागतो ना आम्ल. नुसतं वर्ष वाचा. सिक्सपेन्स (सहा पेन्सचं), शिलिंग (बारा पेन्सचं), फ्लोरिन आणि हाफ क्राउन (अडीच शिलिंगांचं) ही पांढरी नाणी १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदीची होती, १९२० ते १९४६ पर्यंत पन्नास टक्क्यांची, आणि १९४७ पासून त्यांत चांदीचा कणही नाही. तिथून पुढे पंचाहत्तर टक्के तांबं आणि पंचवीस टक्के निकेल. १९४६ चं चांदीचं, १९४७ चं बिनचांदीचं, मध्ये घोळ नाही. कारण युद्धातलंच आहे. अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, आणि ती देशाच्या खिशातल्या चिल्लरीतून काढली गेली. आपल्याकडेही त्याच सुमाराला हेच झालं. रुपया १९४० मध्ये अर्ध्या चांदीवर आला आणि १९४७ मध्ये निकेलचा झाला.

हिशेब सोपा आहे. हाफ क्राउनचं वजन १४.१४ ग्रॅम, म्हणजे १९४६ पर्यंतच्या एका हाफ क्राउनमध्ये साधारण सात ग्रॅम चांदी. फ्लोरिनमध्ये ५.६५, शिलिंगमध्ये त्याच्या निम्मी, सिक्सपेन्समध्ये आणखी निम्मी. झिजलेल्या नाण्यात त्याहून थोडी कमी धरा. चांदीचा भाव रोज बदलतो, तेव्हा पौंडांचा आकडा मी इथे लिहीत नाही. पण डब्यात अशी दहा-बारा मोठी नाणी असतील तर तुमचे वीस पौंड वसूल झाले असं समजा. झिजलेल्या चांदीच्या नाण्याची किंमत बहुतेक वेळा त्यातल्या चांदीइतकीच असते, जास्त नाही, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

तिसऱ्या फेरीत दुर्मीळ वर्षं शोधायची. इथे माणसं फार आशेनं बसतात, म्हणून जरा सावकाश.

पेनीत १९५० आणि १९५१ बघा. १९५० मध्ये दोन लाख चाळीस हजार पडल्या, १९५१ मध्ये अवघ्या एक लाख वीस हजार. तुलनेला १९६७ साल घ्या: त्या वर्षाच्या तारखेच्या पेन्या पासष्ट कोटींच्या वर आहेत, कारण तीच तारीख ठेवून टांकसाळ पुढे १९७० पर्यंत त्या पाडत राहिली. तुमच्या डब्यात १९६७ च्या निदान वीस तरी निघतील. १९५० च्या सुमाराला देशात पेन्यांचा इतका साठा होता की नव्यांची गरजच नव्हती. जेवढ्या पाडल्या त्यांतल्या बऱ्याचशा बर्म्युडाला रवाना झाल्या. साठच्या दशकात इथली शाळकरी पोरं पुठ्ठ्याच्या निळ्या फोल्डरमध्ये सुट्ट्या पैशांतून वर्षवार पेन्या भरायची, तेव्हा १९५१ चं भोक सगळ्यांचंच रिकामं राहायचं. १९५३ च्या पेन्या तेरा लाखांच्या आसपास आहेत, पण त्या खिशात फिरण्यासाठी नव्हत्याच. राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी प्लास्टिकच्या पाकिटात नऊ नाण्यांचे संच विकले, त्यांच्यासाठी होत्या. १९५४ ची एकच ज्ञात आहे, तेव्हा ती शोधत बसू नका.

बारा कोनांचं पितळी थ्रीपेन्स हाताला लागलं की १९४६ आणि १९४९ ही वर्षं बघा. १९४६ चं सव्वासहा लाखांच्या आत, १९४९ चं चार लाख चौसष्ट हजार. सिक्सपेन्समध्ये १९५२, ते दहा लाखांच्या जरासं वर. शिलिंगमध्ये १९५९ चं स्कॉटिश. ‘स्कॉटिश शिलिंग’ म्हणजे काय हे आधी सांगायला हवं होतं. १९३७ पासून शिलिंग दोन चेहऱ्यांनी निघायचं. राणी एलिझाबेथ, म्हणजे सहाव्या जॉर्जची पत्नी, स्कॉटिश घराण्यातली. तिच्या मानासाठी एक इंग्लिश आणि एक स्कॉटिश. जॉर्जच्या काळात मुकुटावर उभा सिंह इंग्लिश, समोर तोंड करून बसलेला स्कॉटिश. पुढे दुसऱ्या एलिझाबेथच्या शिलिंगवर ढालीत तीन सिंह असले तर इंग्लिश, एकच असला तर स्कॉटिश. आणि फार्दिंग या सगळ्यात कमी किमतीच्या नाण्यात १९५६, शेवटचं वर्ष, वीस लाखांच्या आत.

झाली यादी. डब्यात यातलं काही निघालं तर आनंद करा, पण निघण्याची शक्यता कमी आहे. असे डबे कुणीतरी एकदा चाळलेलेच असतात. १९६५ चा चर्चिलचा मोठा क्राउन (पाच शिलिंगांचं नाणं) निघाला तर तो मोठा आणि जड आहे म्हणून हुरळून जाऊ नका. सतराव्या शतकातला क्रॉमवेल सोडला तर राजघराण्याबाहेरचा माणूस इथल्या नाण्यावर पहिल्यांदा आला तो तिथे, हे खरं. पण पाडले जवळजवळ दोन कोटी, आणि लोकांनी जपूनही ठेवले. भारतात ऑनलाइन जाहिरातींत त्याला हजारो रुपये मागतात. माझ्या टेबलावर तो मुलांना वाटायच्या टोपलीत असतो.

आता ‘प्रत्येक वर्षाचं एक’ का फसवं आहे त्याकडे येऊ.

समजा तुम्ही पेन्यांची मालिका धरलीत. डब्यातून आणि इकडून तिकडून नव्वद टक्के खण आठवड्याभरात भरतील, तेही जवळपास फुकट. उरतील ती दोन-तीन भोकं, आणि ती बुजवायला बाकी सगळ्या संग्रहाच्या दसपट पैसे लागतील. शेवटी हाती काय येतं? झिजून गुळगुळीत झालेल्या वीसेक तपकिरी चकत्या आणि त्यांत दोन महाग झिजलेल्या चकत्या. मी हे केलंय. माझ्या पहिल्या अल्बममध्ये सगळी वर्षं होती आणि तो उघडून बघावासा मला कधी वाटायचा नाही.

या काळातल्या नाण्यांची खरी दुर्मीळता वर्षात कमी आणि अवस्थेत जास्त आहे. बाजारातल्या सौम्य माणसांनाही हे सांगताना आवाज चढवावा लागतो. १९५७, ५८, ५९ चे फ्लोरिन घ्या. पाडले किती? पन्नास लाखांच्या वरच, प्रत्येक वर्षी. झिजलेला फ्लोरिन एका पौंडात देते मी. पण त्याच वर्षाचा, टांकसाळीतून आला तसा कोरा फ्लोरिन शोधायला निघा म्हणजे कळेल. याचं कारण साधं आहे. पन्नासच्या दशकात नव्या चिल्लरीतलं नाणं उचलून डबीत ठेवावं असं कुणालाच वाटत नव्हतं. रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होतं इथे, दोन शिलिंग म्हणजे खर्चायचे पैसे. ते खर्च झाले आणि पुढे दहा-वीस वर्षं, काही तर त्याहून जास्त, खिशाखिशांतून घासले गेले. मग १९६६ मध्ये सरकारनं दशमान पद्धतीची घोषणा केली आणि लोक जागे झाले. जुनी नाणी जाणार म्हटल्यावर बँकेतून कोरी पाकिटं आणून घरोघरी साठवली. म्हणून १९६५ ते १९६७ ची चकचकीत नाणी आज ढिगानं मिळतात, आणि १९५४ ते १९५९ ची चकचकीत मिळत नाहीत. १९५३ त्याला अपवाद, राज्याभिषेकाची आठवण म्हणून ते लोकांनी ठेवलं.

त्यामुळे माझा सल्ला: छोटी मालिका निवडा, आणि तिच्यात जे घ्याल ते चांगल्या अवस्थेतलं घ्या. कोणती मालिका, हे आवडीवर आणि खिशावर आहे. महिन्याला दहा पौंड बाजूला काढता येतात की शंभर, यावर बरंच ठरतं. चांदी आवडत असेल तर जॉर्जचे १९३७ ते १९४६ चे हाफ क्राउन, दहा वर्षांची दहा नाणी, आटोपशीर संग्रह होतो. पण नऊ वर्षांची लेक बरोबर आहे म्हणता, तर मी डोळे मिटून फार्दिंग सांगेन.

फार्दिंग म्हणजे पाव पेनी. एका पौंडाला नऊशे साठ. अडीच ग्रॅमच्या थोडं वर वजन, आपल्या जुन्या पैशाएवढं इवलं नाणं, आणि मागच्या बाजूला रेन नावाचा शेपूट वर केलेला चिमुकला पक्षी. १९३७ ते १९५६ पर्यंत एकही वर्ष न चुकता ते निघालं, म्हणजे बरोबर वीस नाणी. एकही अशक्य वर्ष नाही, शेवटचं १९५६ तेवढं जरा भाव खातं. आणि या वीस नाण्यांत जे घडतं ते मराठी घरातल्या मुलीला समजेल असं आहे.

१९४८ चं आणि १९४९ चं फार्दिंग शेजारी ठेवा. पक्षी तोच, राजा तोच, डावीकडे बघणारा, मानेखाली शिल्पकार पॅजेटची आद्याक्षरं तीच. आता कडेची अक्षरं वाचा. १९४८ च्या नाण्यावर राजाच्या पदव्यांच्या शेवटी दोन लॅटिन शब्दांचे तुकडे आहेत: इंड, इम्प. ‘इंडिये इम्पेरातोर’, हिंदुस्थानचा सम्राट. १९४९ च्या नाण्यावर ते नाहीत. ओळ तोकडी झाली, म्हणून आधी ‘एफ डी’ एवढीच आखडलेली ‘धर्मरक्षक’ ही पदवी आता ‘फिदेइ डेफ’ अशी ऐसपैस बसवलेली दिसते. १८९३ पासून, म्हणजे म्हाताऱ्या व्हिक्टोरियाच्या चेहऱ्यापासून, ब्रिटिश नाण्यांवर ही पदवी होती. स्वातंत्र्याच्या १९४७ च्या कायद्यानं ती सोडायला संमती दिली, जून १९४८ मध्ये राजानं ती रीतसर सोडली आणि पुढच्या वर्षीच्या नाण्यांवरून ती गेली. सगळ्याच नाण्यांवरून गेली, पण हातात धरून बघायला फार्दिंगपेक्षा स्वस्त पुरावा नाही.

सिक्सपेन्सवर हाच बदल मागच्या बाजूला झाला, पण तिथे एक गंमत आहे. १९४८ पर्यंत मुकुटाखाली राजाच्या नावाची तीन गुंफलेली अक्षरं आहेत, जी-आर-आय. त्यातला ‘आय’ म्हणजे सम्राट. १९४९ पासून जी-व्ही-आय-आर. घाईत बघणाऱ्याला ‘आय’ अजून आहेच असं वाटतं. तो सम्राटाचा ‘आय’ नाही, रोमन सहा आकड्यातला आहे. माझ्या टेबलापाशी उभं राहून दोन भारतीय गृहस्थांनी यावरून अर्धा तास वाद घातला होता, नाणं एकानंही घेतलं नाही.

फार्दिंगकडे परत येते. १९५२ पर्यंत राजा, कारण सहावा जॉर्ज त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला तरी नवी छबी तयार व्हायला वेळ लागला. १९५३ ला राणी येते: मेरी गिलिकनं घडवलेली, मुकुटाऐवजी पानांची माळ ल्यालेली तरुण राणी. तिच्या नावाभोवतीची अक्षरंही बघा. १९५३ च्या नाण्यावर ‘ब्रिट ऑम्न’ आहे, म्हणजे ‘सगळ्या ब्रिटनांची’ राणी. १९५४ ला तेही गळलं. तोवर भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहिला होता आणि राणीच्या पदव्याच नव्यानं मांडाव्या लागल्या होत्या. म्हणजे वीस नाण्यांची मांडणी अशी होते: सम्राट असलेली बारा, सम्राट नसलेला राजा चार, सगळ्या ब्रिटनांची राणी एक, आणि नुसती राणी तीन. ब्रिटिश म्युझियममध्ये पैशाचा इतिहास सांगणारं स्वतंत्र दालन आहे, तेही जरूर बघा, पण ही गोष्ट तुमच्या तळहातावर मावते.

अवस्था कशी ओळखायची? बघून, दुसरा मार्ग नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दहा-बारा पौंडांत मिळतं. खिडकीपाशी किंवा टेबललॅम्पखाली नाणं कडेनं धरा आणि हळूहळू तिरपं फिरवा. कोऱ्या नाण्यावर उजेडाची एक पट्टी चाकाच्या आरीसारखी फिरते, तिला लस्टर म्हणतात. नुसती चमक वेगळी आणि लस्टर वेगळं. घासलेलं नाणंही चमकतं, पण त्यावर उजेड फिरत नाही, सगळीकडून एकदम उजळतं. झीज आधी उंच भागांवर दिसते. राजाची भुवई आणि कानावरचे केस, रेनच्या पंखाचा वरचा भाग, पेनीवर बसलेल्या ब्रिटानिया देवीचं छातीचं कवच, फ्लोरिनवरच्या गुलाबाचा मध्य. राणीच्या १९५३ च्या छबीबाबत थोडं उदार राहा. मूळ घडणच इतकी उथळ होती की खांद्याचे बारकावे नव्या नाण्यावरही पुसट येत, म्हणून त्याच वर्षात साचे दुरुस्त करून छाप ठळक केला. पुसट दिसलं म्हणजे झिजलेलंच असं तिथे म्हणता येत नाही.

१९४४ ते १९४६ च्या पेन्या काळपट दिसल्या तर त्या मळलेल्या समजू नका. युद्धात नव्या चकचकीत पेन्या लोक दाबून ठेवतील म्हणून टांकसाळीनंच त्या रसायनानं काळ्या करून बाहेर सोडल्या. तो काळपटपणा हेच त्यांचं मूळ रूप आहे. म्हणूनच चिंचेवरून मी सुरुवातीलाच ओरडले.

साफसफाईबद्दल माझी स्वतःची फजिती सांगते. सहा-सात वर्षं झाली होती मला नाणी गोळा करायला लागून. टपालानं नाणी विकणाऱ्या एकाच्या यादीत १९५१ ची पेनी होती, ‘मूळ लाल झळाळीसह’. फोटो बरा होता, पैसे बरेच मोजले. पाकीट उघडलं तर आत गुलाबीसर, एकसारखं उजळलेलं नाणं. आमच्या आईनं पाडव्याला चिंचेनं घासलेलं तांब्याचं घंगाळं हुबेहूब असंच दिसायचं. खऱ्या लाल झळाळीत केशरी छटा असते आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत ती जास्त, उंच भागांवर कमी टिकते. इथे उंच-सखल सगळं एका रंगाचं होतं. परत पाठवायची मुदत मी सुट्टीवर असताना टळून गेली होती. ती पेनी मी अजून ठेवली आहे आणि नव्या लोकांना रंग ओळखायला शिकवते. नवरा तिला ‘फीची पावती’ म्हणतो.

१९५० आणि १९५१ च्या पेन्यांत आणखी एक खाच आहे. त्या दोन वर्षी टांकसाळीनं संग्राहकांसाठी प्रूफ संचही (खास झळाळत्या ठशानं पाडलेल्या नाण्यांचे) काढले, १९५० मध्ये साडेसतरा हजार आणि १९५१ मध्ये वीस हजार. संच फोडून त्यातल्या पेन्या सुट्या विकल्या जातात. आरशासारखी पार्श्वभूमी आणि धारदार कड असेल तर ती प्रूफ. त्यात वाईट काही नाही, फक्त ती खिशात फिरलेली नव्हे. तुम्हाला चलनातली हवी असेल तर विचारून घ्या, आणि विकणारा नीट उत्तर देत नसेल तर पुढच्या टेबलाकडे चला.

साफ काय करता येतं? धूळ-माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचं आणि मऊ कपड्यानं टिपायचं, पुसायचं नाही. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर आला असेल, तर शुद्ध अॅसिटोन चालतं, खिडकी उघडी ठेवून आणि लेकीला लांब ठेवून. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण नको, त्यात वास आणि तेलं घातलेली असतात. याच्या पुढचं काही करू नका. ठेवायलाही ती मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं वापरू नका. मायलारची (पारदर्शक, टिकाऊ प्लास्टिकची) खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोन घ्या, पन्नासचं पाकीट काही पौंडांना मिळतं. पुढेमागे संग्रह मुंबईला किंवा कोकणात न्यायचा असेल, तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याआधी बदला. माझ्या भावाकडे रत्नागिरीला ठेवलेल्या पेन्यांवर एका पावसात हिरवे ठिपके उठले होते.

खरेदीचं म्हणाल तर कोव्हेंट्रीहून तुम्हाला सोयीचा म्हणजे बर्मिंगहॅमजवळ नॅशनल मोटरसायकल म्युझियममध्ये भरणारा नाण्यांचा बाजार. पहिल्या दोन फेऱ्यांत काही घेऊ नका. एकाच वर्षाचं नाणं चार टेबलांवर हातात घेऊन बघा आणि चौघांनी लावलेली अवस्था व किंमत मनात टिपा. ‘एक्स्ट्रा फाइन’ म्हणून एक जण जे विकतो, ते दुसऱ्याकडे ‘व्हेरी फाइन’, म्हणजे एक पायरी खालचं असतं, आणि किमतीत दुपटीचा फरक पडतो. ऑनलाइन घ्यायचं तर सुरुवातीला महाग नाणी टाळा, माझी गुलाबी पेनी आठवा.

खर्चाचं उत्तर राहिलं. वीस फार्दिंगं झिजलेली हवी असतील तर दोघांच्या एका साध्या जेवणाच्या खर्चात भागेल. चांगल्या, तपशील शाबूत असलेल्या अवस्थेत हवी असतील तर सावकाश, वर्षभर शोधत, दर महिन्याला एक-दोन अशा गतीनं घ्या, म्हणजे खिशाला जाणवणार नाही. लाल झळाळीची सगळीच्या सगळी हवी असतील तर घाई असलेल्यानं या वाटेला जाऊ नये. आणि डब्यातल्या १९६७ च्या त्या वीस-पंचवीस पेन्या लेकीला खेळायला द्या. बारा पेन्यांचं एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड हा हिशेब तिला त्यांवरच शिकवा. आण्या-पैशांत वाढलेली आजी घरी असेल तर तिला बरोबर बसवा, ती तुमच्यापेक्षा लवकर शिकवेल.

डब्यात १९४८ चं फार्दिंग निघून १९४९ चं निघालं नाही, किंवा उलट, तर कळवा. माझ्याकडे दोन्ही वर्षांची जास्तीची आहेत, मध्यम अवस्थेतली. जोडी पूर्ण करून पाठवते, लेकीसाठी म्हणून. पाकिटावर तिचं नाव घालीन.